आतून पिवळ्या सुरईचा हिवाळा

हुरड्याचे दिवस आले की सोलापुरात संध्याकाळ अंगावर येते. दुपारभर ऊन असतं, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी कडक होतात, आणि मग चहाचा कप खाली ठेवेस्तोवर भिंती गार पडायला लागतात. वारा कोरडा असतो. ओठ फुटतात, हाताच्या शिरा वर येतात. उसाच्या गाड्या गेल्या की रस्त्याच्या कडेला चिपाडं पडलेली असतात आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज बराच वेळ मागं राहतो. परवा कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. मोहोळकडं त्याच्या शेतावर ज्वारी हुरड्यात आलीय. "या की मास्तर, आगटी पेटवतोय," म्हणाला. मी सर्दीचं कारण सांगितलं. माझी बायको मालती शेजारी बसून मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही. मला सर्दी नाही हे तिला ठाऊक होतं, आणि मी का जात नाही तेही.

त्या शेतावर मी शेवटचा गेलो तो अंबादासबरोबर.

गावाच्या पूर्वभागात, जिथं गल्लीगल्लीत मागांची खटखट चालते आणि घराघरांत तेलुगू बोललं जातं, तिथं अंबादासचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. पंखे, ट्यूबा, मागांच्या मोटारींच्या वायरी. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनं काढायचो. आमच्याकडं ज्याला चार गोष्टी येतात तो मास्तर, म्हणून मीही मास्तर. कारखान्याचा माल युरोपात जायचा. एकदा फ्रान्सहून माल बघायला आलेल्या एका बाईंनी मालकांना दिव्याची चिनीमातीची बैठक भेट दिली. काळी, खडबडीत, करपलेल्या भाकरीसारखी. मालकांना ती अशुभ वाटली. त्यांनी ती माझ्या गळ्यात मारली. वायर तुटलेली होती, म्हणून मी ती अंबादासच्या दुकानात नेली. त्यानं ती उलटी केली, बुडावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "फ्रेंच हाय की हे. कुटं गावलं?"

सोलापुरात असा प्रश्न मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

त्याचा एक मामा पाँडिचेरीला फ्रेंच साहेबाच्या घरी स्वयंपाकी होता. साहेब बाडबिस्तरा आवरून मायदेशी निघाला तेव्हा मामाला एक लोखंडी दिवा देऊन गेला. तीन हात, तीन शंकूच्या टोप्या: एक लाल, एक पिवळी, एक काळी. मामानं तो बहिणीकडं सोलापुरात आणला आणि एका खोलीच्या घरात मागाच्या डोक्यावर टांगला. "माग थांबला की आमी त्याच्याखाली जेवायचो," अंबादास सांगायचा. "माझी बसायची जागा लाल टोपीखाली. मला वाटायचं, भाकरी सगळ्यांचीच लाल असती."

त्या दिव्यापासून त्याला वेड लागलं आणि त्या काळ्या बैठकीपासून मला. पुढं आम्ही दोघं दोनदा पाँडिचेरीला जाऊन आलो. जुनी घरं रिकामी करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या गोदामांत, घामानं निथळत, गाद्यांच्या आणि मोडक्या कपाटांच्या मागं शोधत राहायचो. मुंबईचा चोरबाजार झाला. नंतर नंतर मोबाइलवर परदेशातल्या वस्तूंचे फोटो बघत बसणं झालं. त्यानं धातू घ्यायचा, मी माती, अशी वाटणी कधी ठरवली नव्हती, पण पडली. त्याच्याकडं काळ्या सळईची मासिकं ठेवायची घोडी, पायांना पितळी गोळे लावलेली. जाळीचा पत्रा कापडासारखा दुमडून केलेला चहाचा गाडा. पितळेचा लांबमानी पक्षी, ज्याच्या पाठीवर मेणबत्ती लावायची. माझ्याकडं पानाच्या आकाराच्या हिरव्या बश्या, फेसासारखी खरखरीत झिलई दिलेले वाडगे, कोंबडीसारखं ढुंगण वर करून बसलेलं एक पाण्याचं भांडं. आणि ती सुरई. बाहेरून काळी कुळकुळीत, मान जराशी वाकडी, आणि आत डोकावलं की लिंबाच्या सालीचा पिवळाधमक रंग. चोरबाजारात मला ती मिळाली तेव्हा आत कुणीतरी विड्या विझवल्या होत्या.

या वस्तू काही राजवाड्यातल्या नव्हेत. महायुद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये लोकांची घरं लहान होती, सामान थोडं होतं, आणि बऱ्याच घरांतली काही माणसं परत आली नव्हती. अशा घरांसाठी कारागिरांनी सळई वाकवली, पत्रा दुमडला, मातीच्या भांड्याच्या आत पिवळा रंग ओतला. बाहेर काळोख आणि आत पिवळं. आमच्या गावात गिरण्यांची धुराडी एकेक करून थंड झाली त्या वर्षांत हे वेड आम्हाला धरून बसलं होतं. लोक हसायचे. अंबादासचा मुलगा व्यंकटेश म्हणायचा, "नाना, भंगारवाला आला तर त्याला वाटेल दुकान आपलंच हाय." अंबादास हसून घ्यायचा. आम्ही एकमेकांना वस्तू दाखवायचो, आणि दाखवली की ती वस्तू खरी व्हायची. त्याआधी ती नुसती विकत घेतलेली असायची.

तर त्या शेवटच्या हिवाळ्यात आम्ही मोहोळच्या त्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. शेतात खड्डा खणून गोवऱ्या पेटवलेल्या, त्यात कणसं खुपसलेली. घरधनी गरम कणसं हातावर चोळून दाणे पुढ्यात टाकत होता. शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. अंबादास खाता खाता थांबला आणि मला विचारलं, "मास्तर, ही कसली पार्टी?"

"हुरड्याची."

"व्हय व्हय." थोडे दाणे खाल्ले. "मास्तर, ही कसली पार्टी हाय?"

लोक हसले. त्यांना ती थट्टा वाटली. तोही हसला, पण त्याचे डोळे हसत नव्हते. ते माझ्या तोंडाकडं लागले होते, जणू परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघावं तसे. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी विचारलं, काय झालं? "एमी लेदु," म्हणाला. काही नाही. घाबरला की तो तेलुगूत जायचा.

त्यानंतर काही दिवसांनी, दिवेलागणीला, तो माझ्या घरी आला. नेहमीसारखा बैठकीच्या खोलीत, माझ्या वस्तूंच्या फळीसमोरच्या खुर्चीत बसला. मालतीनं चहा ठेवला. तो उठला, फळीवरची काळी सुरई उचलली, आत डोकावला आणि वळून म्हणाला, "ही माझी हितं कशी आली?"

मला वाटलं, गंमत करतोय. पण त्यानं ती छातीशी धरली होती. आयुष्यभर मातीच्या वस्तूंना नाक मुरडणारा हा माणूस. "पडली की संपली, असलं कशाला घेताय," असं मला शंभरदा सांगितलेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तर हरवलेलं मूल बाजारात सापडल्यावर आईच्या तोंडावर असतं ते काहीतरी होतं.

"तुझीच आहे," मी म्हणालो. "विसरला होतास. ने."

तो गेल्यावर मालती बाहेर आली. "तुम्ही देऊन टाकलीत? अहो, ते रस्त्यात पाडतील ती."

"पाडू दे."

"पाडू दे काय? एवढी जिवापाड जपलीत..."

मी फळीवरची उरलेली भांडी उगीच सरकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबादासची सून श्रीलता दारात उभी. हातात कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली सुरई. श्रीलता शाळेत नोकरी करते, सरळ बोलणारी मुलगी. त्या दिवशी तिची मान खाली होती. "काका, माफ करा. मामय्यांना हल्ली समजत न्हाय. डॉक्टरांनी सांगितलंय, हे आता वाढतच जाणार." तेलुगूत सासऱ्याला मामय्या म्हणतात. ती पहिल्यांदाच कुणाला तरी हे सांगत होती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. मी सुरई ठेवून घेतली. पण त्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला. अंबादासनं घरातलं कपाट न् कपाट उघडलं होतं. कपडे जमिनीवर, डबे जमिनीवर. घरात चोर आला म्हणून तो पायरीवर बसून रडत होता आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगत होता.

मी सुरई घेऊन रिक्षानं त्याच्याकडं गेलो. "चोर सापडला," म्हणालो. त्यानं ती माझ्या हातातून घेतली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. त्या दिवशी त्यानं मला मास्तर म्हटलं नाही. "तू लई चांगला हाईस," म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा 'तू'.

श्रीलताला मी सांगितलं, यापुढं तो काहीही घेऊन आला तरी परत आणायचं नाही.

आणि मग तो येतच राहिला. मार्गशीर्ष सरला, पौष लागला. संध्याकाळी बाहेर धुरकट व्हायचं, शेजारच्या घरातून फोडणीचा वास यायचा, आणि दाराची कडी वाजायची. व्यंकटेश त्याला स्कूटरवरून सोडायचा आणि खाली थांबायचा. अंबादास फळीसमोर उभा राहून एकेका वस्तूकडं बघायचा आणि त्यातली एक उचलायचा. हिरवी पानबशी. खरखरीत वाडगा. बूड वर करून बसलेली कोंबडी. प्रत्येक वस्तूबरोबर मला ती कुठं मिळाली ते आठवायचं, आणि प्रत्येक आठवणीत तोच असायचा: गोदामात माझ्यामागं बॅटरी धरून उभा, किंवा गाडीत माझ्या मांडीवरचं खोकं धरून बसलेला. तेव्हा कधी वाटायचं, त्याचं चूक तरी काय? वस्तू मी विकत घेतल्या होत्या, पण बघितल्या होत्या दोघांनी.

फळीवर धुळीत गोल डाग राहिले, वस्तूंच्या बुडाच्या आकाराचे. मालती ते पुसत नव्हती. ती माझ्याशी त्याबद्दल बोलतही नव्हती. ती रागावली आहे असं मी धरून चाललो होतो.

संक्रांतीच्या सुमाराला गावात सिद्धेश्वराची जत्रा भरते. आमच्या गच्चीवरून आकाशपाळण्याचे दिवे दिसतात. त्या दिवसांत एका संध्याकाळी अंबादास आला तो स्वच्छ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. बसला आणि म्हणाला, "मास्तर, जत्रेला गेलता का न्हाय यंदा?"

'मास्तर' परत आलं होतं. त्याचे डोळे त्याचे होते. आम्ही बोललो. दुकानाचं बोललो, वायरीचे भाव, पाँडिचेरीच्या खानावळीत त्यानं भातात चुकून रसमऐवजी खीर कालवली होती ते. तो पोट धरून हसला. हसता हसता त्याची नजर फळीकडं गेली.

"फळी रिकामी का हो?"

मी म्हणालो, "रंग काढायचाय भिंतीला. पेटीत भरून ठेवलंय."

तो उठला. फळीवर हात फिरवला, धूळ बोटाला लागली ती बघितली. "खोटं नका बोलू, मास्तर. विकलंत न्हाय?"

"नाही रे."

"अडचण होती तर मला सांगायचं की! मी घेतलं असतं. दुसऱ्याच्या घरात कशाला घालवलंत?" त्याचा आवाज फुटला. "ती पिवळी सुरई बी? तीसुद्धा?"

खरं सांगणं अगदी ओठांवर आलं. सगळं तुझ्याच घरी आहे, चल दाखवतो. पण मग त्याला दुसरंही काहीतरी सांगावं लागलं असतं, आणि त्या एका संध्याकाळी तो माझ्यासमोर पुरता बसलेला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला आणि मालती पदराला हात पुसत बाहेर आली.

"भावजी, खरंच पेटीत आहे," ती म्हणाली. "मीच भरलंय माझ्या हातानं, जुन्या लुगड्यांत गुंडाळून. पाडव्यानंतर या, पुन्हा मांडू तेव्हा तुम्हीच सांगा काय कुठं ठेवायचं."

अंबादासनं तिच्याकडं बघितलं. मालती खोटं बोलत नाही, हे त्यालाही माहीत होतं. "मग ठीक हाय, वैनी," म्हणाला आणि खाली बसला. मालती आत गेली. थोड्या वेळानं मी पाणी प्यायला आत गेलो तर ती ओट्याला टेकून उभी होती आणि तिनं तोंडाशी पदर धरला होता. ती रागावली नव्हती. कधीच रागावली नव्हती.

त्यानंतर तो तसा पुन्हा आला नाही. म्हणजे शरीरानं यायचा, दोनदा तीनदा, मग तेही थांबलं. मी त्याच्याकडं जायला लागलो. एकदा गेलो तर तो मागच्या चौकात नळाखाली कोंबडीचं भांडं धूत बसला होता. बाळाला न्हाऊ घालावं तसं, मानेखाली हात धरून. साबणाचा फेस फार झाला होता. भांडं निसटलं आणि दगडावर पडलं.

तो तुकड्यांकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. "तुझं होतं काय?"

"नाही. तुझंच."

"मग तू कशाला रडतोस?" असं म्हणून त्यानं ओल्या हातानं माझा खांदा थोपटला.

माघात त्याला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तो सारखी नळी ओढायचा. मग श्रीलतानं घरून एक लहान वाडगा आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याच्या खरखरीत कडेवरून तो अंगठा फिरवत राहायचा आणि नळी विसरायचा. बाहेर गावाच्या शिवारात ज्वारीची काढणी सुरू झाली होती. वाडगा त्याच्या हातातच होता तेव्हा तो गेला. नर्सनं तो धुऊन श्रीलताकडं दिला, आणि ती बाहेर बाकावर तो मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याशेजारी बसलो.

दिवस झाल्यावर तिनं मला बोलावून घेतलं. माडीवरच्या खोलीत नेलं. तिनं सगळं स्वच्छ पुसून ठेवलं होतं. पण मांडणी त्याचीच होती, तिनं ती हलवली नव्हती. तीन टोप्यांच्या दिव्याखाली काळी सुरई. पितळी पक्ष्याच्या चोचीशी हिरवी पानबशी, जणू तो तिच्यातून पाणी पितोय. जाळीच्या गाड्यावर वाडगे. आम्ही आयुष्यभर धातू एका घरात आणि माती दुसऱ्या घरात ठेवली होती. दोन्ही एका खोलीत अशी कधी बघितलीच नव्हती. भान सुटत चाललेल्या माणसानं ते करून दाखवलं होतं.

"काका, तुमचं कोणतं ते सांगा," श्रीलता म्हणाली. खाली वर्तमानपत्रांची रद्दी आणून ठेवलेली. "मी गुंडाळून देते."

"काही नाही," मी म्हणालो. "सगळं त्याचंच आहे."

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. तिचा चेहरा पडला.

"सगळं?" ती हळूच म्हणाली. मग रद्दीवर बसली. "काका, राग मानू नका. मला वाटलं होतं तुमी तुमचं न्याल. निम्मी तरी खोली मोकळी होईल. मुलीची दहावी हाय, तिला अभ्यासाला जागा न्हाय. आणि ह्याच्यातलं कुणाला काय द्यायचं, कुटं विचारायचं, मला तर कायच माहीत न्हाय. भंगारात द्यायला हात धजत न्हाय."

मी त्या खोलीत मित्राला मोठी भेट द्यायला निघालो होतो, आणि त्या बिचारीच्या डोक्यावर ओझं ठेवत होतो. मी म्हणालो, सगळंच नेतो. ती एवढी पटकन हो म्हणाली की दोघांनाही ओशाळल्यासारखं झालं. व्यंकटेशनं टेम्पो बोलावला. छताचा दिवा तेवढा तिनं राहू दिला. तो काढला तर छताला भोक पडलं असतं आणि मुलीला उजेडही लागणारच होता.

तेव्हापासून सगळं माझ्या घरात आहे. लोखंड, पितळ, माती. मालतीनं देवघराशेजारची भिंतसुद्धा मोकळी करून दिली. पुण्याहून मुलगी व्हिडिओ कॉल करते तेव्हा मागं हा पसारा दिसतो. एकदा ती म्हणाली, "बाबा, हे सगळं पुढं बघायचं कुणी?" आणि लगेच विषय बदलला. तिचं बरोबर आहे. हा संग्रह इतका भरगच्च कधीच नव्हता आणि इतका निरुपयोगीही. कधी मोबाइलवर एखादी वस्तू दिसते, बोट अंबादासच्या नंबराकडं जातं, आणि मग लक्षात येतं की दाखवायचं कुणाला. घेतलेली वस्तू आता घेतलेलीच राहणार.

काल सकाळी ऊन होतं म्हणून मी फळ्या पुसायला घेतल्या. पुसता पुसता मागच्या रांगेतून एक छोटी निळी बशी हाताला लागली. हाताच्या तळव्याएवढी, कडेला तांब्याची पट्टी बसवलेली. माती आणि धातू दोन्ही. मी ती उन्हात धरली. सुंदर होती. ती मी घेतली होती की त्यानं? पाँडिचेरीला की मुंबईत? मी बुडावरून बोट फिरवलं. काही केल्या आठवेना. एवढी देखणी वस्तू, आणि मी ती पहिल्यांदाच बघतोय असं वाटत होतं.

मालती तुळशीला पाणी घालून आत येत होती. मी बशी पुढं केली. "ही माझी की अंबादासची गं?"

ती थांबली. माझ्याकडं नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहत राहिली.

"चष्मा लावून बघा नीट, म्हणजे आठवेल," ती म्हणाली आणि घाईनं आत गेली.

चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.